साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे शेण

नवतपाच्या दिवसांत नागपूरचा शहाणा माणूस सकाळी दहानंतर कूलरसमोरून उठत नाही, आणि उठलाच तर त्याच्या टाकीत पाणी भरण्यापुरताच उठतो. अशा दिवसांत आम्ही सहकुटुंब उन्हात पायपीट केली, याचे श्रेय अमेरिकेतल्या भाच्याला द्यावे लागेल. त्याने युटातल्या डायनासोर नॅशनल मॉन्युमेंटमधल्या एका वाटेचे फोटो पाठवले होते. एका दिशेने जेमतेम दोन किलोमीटर, सावलीचा पत्ता नाही, आणि वाटेवरच्या खडकात रुतलेली हाडे. ते पाहून सौभाग्यवतींनी विचारले, “आपल्याकडे असे काहीच नाही का हो?”

इथे गप्प बसलो असतो तर निभावले असते. पण जन्मभूमीचा अभिमान नको तेव्हा उसळतो. मी सांगून टाकले की चंद्रपूरच्या वाटेवर, वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे गाव आहे, तिथल्या शेतांत डायनासोरांचे अवशेष जमिनीवरच सापडतात, आणि त्याच जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या हाडांवरून 1997 साली वर्णन झालेल्या डायनासोरचे नाव आज इसिसॉरस असे आहे. नेमके काय सापडते, हे मात्र मी मोघम ठेवले.

रविवारी पहाटे निघायचे ठरले, म्हणजे आठ वाजता निघालो. प्रत्येकाच्या डोक्याला दुपट्टा, प्रत्येकाच्या खिशात ऊन लागू नये म्हणून कांदा, आणि सासूबाईंच्या मांडीवर पन्ह्याची बरणी, जी त्यांनी जांबपर्यंत कोणालाही उघडू दिली नाही. पिसदुऱ्याला पोहोचलो तेव्हा सूर्य आमचीच वाट पाहत असल्यासारखा डोक्यावर येऊन थांबला होता. फलक, तिकीटखिडकी, कठडा यांतले काही दिसेना. दिसत होते ते नांगरलेले रान आणि तापलेली माती. अर्ध्या तासात बाटल्यांतले पाणी चहाइतके गरम झाले. ज्यांच्या नावाचे कॉलेज 1883 पासून नागपुरात आहे, ते स्टीफन हिस्लॉप एकोणिसाव्या शतकात याच मुलखात जीवाश्म गोळा करत हिंडले होते. त्यांच्याविषयी माझ्या मनात कधी नव्हे इतका आदर दाटून आला, कारण घरी परतल्यावर त्यांच्यासाठी कूलरही नव्हता.

शेवटी मुलाला एका धुऱ्यावर बटाट्याएवढा, वळ्या पडलेला गोळा दिसला, आणि आता खरे सांगणे भाग पडले. पिसदुऱ्याची जगभरातली कीर्ती हाडांइतकीच डायनासोरांच्या विष्ठेसाठी आहे. 2005 साली संशोधकांना अशाच अश्मीभूत गोळ्यांमध्ये गवताचे सूक्ष्म कण आढळले, आणि डायनासोरांच्या काळातच गवताच्या निरनिराळ्या जाती होत्या, हे त्यावरून कळले. मी हे शक्य तितक्या गंभीरपणे सांगितले. सौभाग्यवतींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “म्हणजे पेट्रोल जाळून आपण शेण पाहायला आलो.”

एवढ्यात शेताचे मालक आले.

“काय पाहून राहिले जी, एवढ्या उन्हात?”

“डायनासोरचं शेण, भाऊ.”

“किती जुनं असन?”

“साडेसहा कोटी वर्षं.”

त्यांनी तो गोळा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि धुऱ्यावर ठेवून दिला. “मंग खताले काही कामाचं नाही,” असे म्हणून त्यांनी आम्हांला कडुनिंबाखालच्या माठाकडे नेले. त्या दिवशी पाहिलेल्या सर्व वस्तूंत तो माठ मला सर्वांत अमूल्य वाटला.

जीवाश्म उचलून आणायचे नाहीत, असे मी सर्वांना बजावले होते, आणि आम्ही ते कसोशीने पाळले. तरीही रात्री घरी माझ्या बुटाच्या खाचेत एक गोलसर तुकडा निघाला. मुलाने भिंग आणले, सासूबाईंनी चष्मा बदलला, उद्याच तो परत नेऊन ठेवावा लागेल की काय, यावर गंभीर चर्चा झाली. अखेरीस सौभाग्यवतींनी तो नळाखाली धरला, आणि अर्ध्या मिनिटात तो विरघळून मोरीत वाहून गेला. तो नेमका कोणत्या युगातला होता, हा प्रश्न त्यानंतर आमच्या घरात कोणी काढलेला नाही.