पेट्रोल आहे ना?

काल लिफ्टमध्ये बी विंगच्या एक काकू म्हणाल्या, "बरं झालं हो, काकांनी तुमची गाडी चालू करून दिली!" मी नुसता हसलो. सातव्या मजल्यापर्यंत माणूस किती आणि काय काय समजावणार.

तर आमच्याकडे बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे. १०८९ सीसी, चार सिलिंडर, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली. नुकतंच इंजिनाचं काम करून घेतलं, बोअरिंग, नवे पिस्टन, रिंगा, क्रॅंक ग्राइंडिंग, सगळं वागळे इस्टेटमध्ये. वर मेकॅनिकने हौसेने ब्लॉकला चकचकीत हिरवा रंगही मारला. त्याने दुसऱ्या बॅटरीची जंप केबल थेट इंजिनाला लावून गाडी चालू केली, मध्ये कुठे बंद न पाडता घोडबंदर रोडवरून घरी आणून सोडली आणि गेला. रविवारी सकाळी मी चावी फिरवली तर नुसतं 'टक'. परत फिरवली, परत 'टक'. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, काही उचलेना.

हा 'टक' तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना कसा ऐकू गेला देव जाणे. बायकोने भाजीला पाठवलेला माणूस, हातात रिकामी पिशवी, ते आले, बघितलं, वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची ओढून बॉनेटसमोर नीट बसले आणि म्हणाले,

"पेट्रोल आहे ना?"

"काका, इंजिन फिरतच नाहीये. पेट्रोल लागतं ते फिरल्यावर."

"हो, ते बरोबर. पण आहे ना?"

"आहे."

"किती?"

"काका, अर्धी टाकी आहे, पण मुळात सेल्फच..."

"काटा खोटं बोलतो या गाड्यांचा," असं म्हणून ते उठले, मागे गेले, डिकीवर दोन्ही हात ठेवून गाडी गदागदा हलवली आणि टाकीला कान लावला. मग वॉचमनलाही ऐकायला लावलं. वॉचमन म्हणाला, आहे साहेब. मग काका परत येऊन बसले, जरा नाराजच दिसले.

मी प्लग काढून, क्रॅंक पुलीच्या नटला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. नवीन काम आहे म्हणून जड होतं पण फिरत होतं, म्हणजे जाम नाही. बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्ट, म्हणजे फुल. हेडलाइट लावून चावी फिरवली तरी उजेड फारसा मंद होईना, म्हणजे सेल्फ पुरेसा करंट ओढतच नव्हता. हे मी मोठ्याने बोलत होतो कारण मला विचार करायला तसं लागतं, आणि काका प्रत्येक वाक्याला "बरोबर" म्हणत होते, शाळेत तोंडी परीक्षा घेतल्यासारखे. मधेच त्यांनी डोंबिवलीच्या भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. भाचा बँकेत आहे. त्याने स्क्रीनवरून इंजिन बघितलं आणि विचारलं, "मामा, पेट्रोल आहे का?"

आणि हो, "विकून टाक रे भंगारात" हेही झालं. हेच काका, ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा स्टेटसला काळी-पिवळीचा फोटो आणि रडका चेहरा ठेवून होते. दिवसभर. सगळ्या सोसायटीने ठेवला होता. आणि याच सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझ्या गाडीखाली ऑइल पडतं म्हणून वीस मिनिटं चर्चा होते, चहासकट. जुन्या गाडीवर प्रेम करायचं तर ती दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये पाहिजे बहुतेक.

असो. मीटर धरायला दोन हात लागतात, चावी फिरवायला तिसरा, म्हणून नाइलाजाने काकांना आत बसवलं. त्यांनी चावी फिरवली, 'टक', आणि आतून ओरडले, "अरे, तुझा चोक जळला!"

चोक म्हणजे थंड इंजिन चालू करताना डॅशबोर्डवरून ओढायचा खटका. बघतो तर त्याच्या वायरीतून बारीक धूर. खटक्याशेजारचा धातू चांगलाच तापलेला, काका बोट तोंडात घालून बसलेले.

आता हे नीट सांगतो, कारण सोसायटीत कोणी ऐकून घेत नाही. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, बॉडीला त्याचा विजेचा संबंध नसतो. तो जोडायला एक विणलेली तांब्याची पट्टी असते, तीच अर्थिंग. ती पट्टी नव्या हिरव्या रंगावर बोल्टने आवळली होती आणि रंगातून करंट जात नाही. मेकॅनिकची केबल थेट इंजिनाला होती, म्हणून त्याच्याकडे चालू झाली. मग सेल्फचा सगळा करंट परतायला वाट शोधतो, आणि इंजिनापासून डॅशबोर्डापर्यंत जाणारी उघडी धातूची वायर म्हणजे चोकची. बॅटरीचा मायनस आणि ब्लॉक यांच्यात सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवं, मला नऊ दिसले. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने रंग घासला, पट्टी परत आवळली, प्लग लावले आणि इंजिन एका दमात उचललं.

काका खिडकीतून बाहेर डोकावून वॉचमनला म्हणाले, "मी म्हटलं होतं ना, चोक."

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांच्या बँडेज लावलेल्या बोटाचा फोटो आला. सव्वीस थम्सअप. मी पट्टीचा फोटो टाकला, त्यावर सेक्रेटरींनी 'कृपया वैयक्तिक पोस्ट टाळा' लिहिलं. मी जुनी बिलं ठेवत नाही पण या इंजिनाच्या कामाचं ठेवलंय, त्यात 'वायरिंग चेकिंग ८०० रुपये' असं वेगळं लिहिलेलं आहे, म्हणून मेकॅनिकला फोन केला.

"साहेब, ते वायरिंगचे आहेत," तो म्हणाला, "हा तर बोल्ट आहे."