काळ्या टेकड्यांबद्दल आणि विमानतळावरच्या त्या दोन तासांबद्दल

नमस्कार,

आमच्याकडच्या चित्रकारांच्या मुक्कामाबद्दलचा तुमचा अभिप्राय मी दोनदा वाचला, मग यांनाही वाचायला दिला. तुम्ही मराठीत लिहिलंत म्हणून उत्तरही मराठीतच देते. पाचापैकी दोन तारे दिलेत आणि कारणं स्पष्ट सांगितलीत. पुण्याहून निघून तीन विमानं बदलून अमेरिकेत, कॅन्ससमधल्या विचिटाला उतरलात आणि तिथे दोन तास ताटकळलात. उंच गवत रंगवायला आलात आणि आठवडाभर जळलेल्या टेकड्या बघाव्या लागल्या. धुराने घसा धरला. इंटरनेट धड चाललं नाही. जेवणात तेच तेच होतं. आणि शेवटचं वाक्य : "इथे काढण्यासारखं काहीच नाही."

आधी आमच्या चुका. त्या दुपारी शेजारच्या रँचवर, म्हणजे गुरांच्या मळ्यावर, कुरण जाळायचं काम चालू होतं, अचानक वारा फिरला आणि हे पाण्याची टाकी गाडीवर चढवून तिकडे धावले. इथे शेजाऱ्याची आग ती आपली आग, बोलावण्याची वाट कुणी बघत नाही. पण मी तर घरीच होते. तुम्हाला फोन मी करायला हवा होता. एवढा प्रवास करून परक्या गावात एकट्या उतरलेल्या बाईला काही न कळवता बसवून ठेवलं, याला सबब नाही. मनापासून माफी मागते. आता पाहुणे येणार त्या दिवशी आमच्यापैकी एकजण विमान उतरायच्या आधी विमानतळावर हजर असतो, मग शेजारी काहीही पेटलेलं असो.

दुसरी चूक याहून मोठी आहे. आमच्या वेबसाइटवरचे सगळे फोटो सप्टेंबरचे होते. तेव्हा बिग ब्लूस्टेम गवत माणसाच्या डोक्याच्या वर जातं आणि टेकड्या तांबूस होतात. तुम्ही ते बघून एप्रिलचं बुकिंग केलंत. मी तुम्हाला स्वेटर आणा, बूट आणा, टोपी आणा असं सगळं कळवलं. आगीबद्दल एक शब्द लिहिला नाही. इथे राहून आम्हाला चौदा वर्षं झाली. जूनमध्ये पाऊस तशी एप्रिलमध्ये आग, इतकं ते अंगवळणी पडलंय, आणि बाहेरून येणाऱ्याला हे ठाऊक नसणार हे माझ्या लक्षातच आलं नाही. आता महिन्यागणिक फोटो लावलेत. एप्रिलचा पहिलाच फोटो काळा आहे. दम्याचा किंवा श्वासाचा त्रास आहे का हेही आम्ही बुकिंगच्या वेळी विचारतो, आणि ज्यांना धूर नको त्यांना तारीख बदलून देतो.

खिचडी तीनदा झाली, खरं आहे. इंटरनेट इथे असंच असतं, तेही आता आधी सांगतो. तुमचे अर्धे पैसे सोमवारी परत पाठवले आहेत. त्यासाठी अभिप्राय बदलायची गरज नाही, तो तसाच राहू द्या.

पण ते शेवटचं वाक्य मला मान्य करता येत नाही.

विचिटाहून येताना कॅसोडेला मोठा हायवे सोडून आपण १७७ नंबरच्या रस्त्याला लागलो, तेव्हापासून तुम्ही खिडकीबाहेर जे बघत होतात, ते आता जवळजवळ कुठेच उरलेलं नाही. उत्तर अमेरिकेत उंच गवताची प्रेअरी, म्हणजे गवताळ माळरान, एके काळी सुमारे १७ कोटी एकरांवर होती. आज चार टक्केसुद्धा नाही, आणि जी आहे त्यातली बरीचशी कॅन्ससच्या या फ्लिंट हिल्समध्ये आहे. बाकीची नांगराखाली गेली, तिथे आता मका आणि सोयाबीन आहे. इथे नांगर चालला नाही, कारण हातभर मातीखाली चुनखडीचा दगड आणि त्यात चकमकीच्या गाठी. जमीन कठीण निघाली म्हणून गवत वाचलं.

नुसतं न नांगरून मात्र ते टिकत नाही. काही वर्षं आग लावली नाही तर लाल सीडरची रोपं वर येतात, मागून झुडपं येतात, आणि बघता बघता गवताच्या जागी रान होतं. इथून दोनेक तासांवर मॅनहॅटन गावाजवळ कोन्झा प्रेअरी आहे. तिथले शास्त्रज्ञ जमिनीचे काही तुकडे दरवर्षी जाळतात, काही दर चार वर्षांनी, काही वीस वर्षांतून एकदा. कुंपणाशी उभं राहिलं की दोन तुकड्यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ज्यांच्या नावावरून या राज्याला कॅन्सस म्हणतात ते इथले मूळ रहिवासी कान्सा लोक हे गवत जाळायचे. कोवळ्या चाऱ्यावर बायसन, म्हणजे इथले रानरेडे, येतात हे त्यांना माहीत होतं. १८७३ मध्ये त्यांना इथून हलवून आजच्या ओक्लाहोमात पाठवलं. आग लावायची रीत मात्र मागे राहिली, ती रँचवाल्यांनी उचलली. वरून सगळं जळालं तरी मुळं दहा-दहा फूट खाली शाबूत असतात. कोकणात राब भाजताना ज्यांनी पाहिलंय त्यांना काळ्या जमिनीचं भय वाटत नाही.

माझं माहेर सोलापूरकडचं. नान्नजचा माळ आमच्या गावाहून फार लांब नव्हता, माळढोकासाठी राखलेला. लहानपणी त्या माळाबद्दल घरात एकच ऐकायचे, "तिथे काय आहे बघायला?" सरकारी कागदावरही माळरान म्हणजे पडीक जमीन. तुमचं वाक्य वाचलं तेव्हा तेच शब्द पुन्हा कानावर आल्यासारखे वाटले, म्हणून एवढं लिहिते आहे. गवताळ जागेला रिकामी म्हटलं की ती कुणीही घ्यायला मोकळा होतो.

आणि तुम्ही पाहिलं नाहीत असं थोडंच आहे? स्टुडिओमागचा उतार तुम्ही येण्याच्या आदल्या दिवशी जाळला होता. निघायच्या सकाळी तुम्ही तिथे बराच वेळ उकिडव्या बसला होतात, मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. तुम्ही गेल्यावर मीही तिथे जाऊन बसले. गवताचा एकेक ठोंब दाढीच्या ब्रशासारखा, आखूड आणि काळा, आणि त्याच्या मधोमध नखाएवढं पोपटी टोक. दोन ठोंबांमधली जमीन उघडी. एरवी तिथे चकमकीचे खडे दिसतही नाहीत. आता तडकलेले, आतून निळसर करडे, सगळे वर आलेले. टेकडीचा उतार कुठे मोडतो, पाणी कुठून वाहतं, गुरांची जुनी वाट कुठून गेली, हे सगळं वर्षातून याच दोन-तीन आठवड्यांत उघडं दिसतं. सप्टेंबरमध्ये हे सगळं गवताखाली जातं. इथे आलेल्या चित्रकारांना मी हे आधीच सांगायला हवं होतं, आणि तुम्हाला पहिल्याच दिवशी त्या उतारावर घेऊन जायला हवं होतं. तेही राहिलं.

खोली आवरताना टेबलाखाली तुमचा एक कागद सापडला. जळक्या काडीनेच ओढलेल्या रेघा आहेत, खालच्या बाजूला दाट, वर विरळ होत गेलेल्या, आणि एका कोपऱ्यात राखेचा अंगठा उमटलाय. टाकून दिलेला आहे की राहून गेलेला, मला कळलं नाही. म्हणून दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवलाय आणि कुणाला दाखवलेला नाही. हवा असेल तर पत्ता कळवा, नळीत गुंडाळून पाठवीन. राख झडू नये म्हणून आधी फिक्सेटिव्ह मारू का, तेवढं सांगा. तुम्हाला विचारल्याशिवाय मी त्याला हात लावणार नाही.