पाच अक्षरी गोंय

एम.ए. मराठी असणे हा काही गुन्हा नाही, अशी परवा पणजी-फोंडा बसमध्ये मला स्वतःचीच समजूत घालावी लागली.

पाटो सोडून बस रायबंदरच्या वाटेला लागली आणि बहिणीचा मेसेज आला. ‘दादा, चिंगीचा होमवर्क. पाच अक्षरी इंग्रजी शब्द, शेवटी आय-एम, दहा पाहिजेत, अर्थासकट. फोंड्याला पोचायच्या आत पाठव.’ होमवर्क चिंगीचा, वर्ग पाचवीचा, घाम मामाचा.

क्लेम लगेच आठवला. विम्याचा क्लेम ज्याने एकदा केलाय, तो हा शब्द मरेपर्यंत विसरत नाही. कंडक्टरने माझ्या कागदात डोकावून स्वतःच्या मांडीवर थाप मारली, “डेनिम!” मॅक्सिमही सुचला. मग खडखडाट.

शेजारी छत्री गुडघ्यांत धरून एक आजोबा बसले होते. झोपलेत, असा माझा समज होता.

“बोरी बरय,” ते डोळे न उघडताच म्हणाले.

“काय?”

“बी, ओ, आर, आय, एम. मोज. पांच. आता वेळी बरय. व्ही, ई, एल, आय, एम. मागीर थिवी.”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, बरय म्हणजे लिही, आणि बोरी, वेळी, थिवी ही आमची गावे. पोर्तुगीजांनी आमच्या गावांच्या नावांना शेवटी जो एम चिकटवला, तो म्हणायचा नसतो, नाकात सोडून द्यायचा असतो. डिचोली, मोरजी, शिवोली, कुंकळ्ळी, सगळ्यांच्या रोमन पाटीवर तो आहे. पर्यटक तो ठासून म्हणतात आणि आम्ही सोशिकपणे ऐकून घेतो. सांगायचा मुद्दा, आय-एमने संपणारी नावे हवी असतील तर गोव्यात तुटवडा नाही.

“आजोबा, ही गावं झाली. मला इंग्रजी शब्द पाहिजेत.”

“मग ही काय मोडीत लिहितात?”

मागच्या सीटवर मांडीत हेल्मेट घेऊन बसलेला मुलगा मध्ये पडला. “थिवी चालणार नाही. स्टेशनच्या पाटीवर टीनंतर एच आहे. सहा अक्षरं होतात.”

“ती रेल्वेची थिवी. गावची थिवी पाच अक्षरी.” आजोबांचे डोळे अजून मिटलेलेच. “त्या रेल्वेचं काय सांगतोस? करमळीचा शेवटचा एम तिनेच खाल्ला.”

यावर बसमध्ये दोन तट पडले. माझा होमवर्क राहिला बाजूला, रेल्वेने गावांची स्पेलिंगे का बदलावीत यावर पुढून मागून मते येऊ लागली. एका बाईंनी तर मासळीची पिशवी खाली ठेवून हात मोकळे केले.

“अहो, पण अर्थ लिहायचाय अर्थ!” मी शेवटचे अस्त्र काढले.

तेव्हा कुठे आजोबांनी डोळे उघडले. “बोरी म्हणजे जुवारीवरचा पूल. वेळी म्हणजे साळ नदीचा काठ. थिवी म्हणजे मुंबईची गाडी. आणखी अर्थ तो कसला असतो रे पुता?”

मी फोन काढला. हकीम मिळाला, इंग्रजांच्या कोशात तो आहे. किलिम मिळाला, म्हणजे तुर्कस्तान-इराणकडची बिनलवीची सतरंजी. आणि मिळाला गोयिम, म्हणजे ज्यू नसलेले लोक. बस नेमकी जुन्या गोव्यात होती. इथल्या औषधी वनस्पतींवर 1563 साली इथेच पुस्तक छापणारा वैद्य गार्सिया द ओर्ता ज्यू वंशाचा. 1568 मध्ये तो वारला, आणि 1580 मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडे उकरून जाळली. आता पणजीतल्या बागेला त्याचे नाव आहे. मी खिडकीबाहेर पाहत जरा गंभीर व्हायच्या बेतात होतो. तेवढ्यात कोपर बसले.

“कितें म्हटलें? गोयिम? अर्थ परत वाच.”

“ज्यू नसलेले लोक.”

“आम्ही ज्यू?”

“नाही.”

“मग आम्ही कोण?”

“गोंयकार.”

“जालें तर!” आजोबांनी छत्री जमिनीवर आपटली. “गोंयचे ते गोयिम. डिक्शनरीत आलंय आणि हा मला सांगतो, गावं चालत नाहीत.”

बसमध्ये टाळ्या पडल्या. यातली चूक मला दिसत होती, पण बाणस्तारीचा पूल गेला तरी ती चारचौघांना समजेल अशी मांडता येईना.

“शिकलास किती?” आजोबांनी विचारले.

“एम.ए. मराठी.”

“हां,” ते म्हणाले. नुसते ‘हां’. खोलवर सहानुभूतीने. कंडक्टरने उरलेले सुटे परत देताना ते मला दोनदा मोजून दाखवले.

आजोबा म्हार्दोळला उतरले, माझे पेन खिशाला लावून.

हसायला ठीक आहे हो. पण प्राथमिक शाळा मातृभाषेतली असेल तरच अनुदान, असे धोरण 1990 मध्ये इथे झाले, 2011 मध्ये ते इंग्रजी शाळांनाही खुले झाले, दोन्हीकडून रस्त्यावर आरडाओरडा झाला, आणि तेव्हा घसा बसवून घेणाऱ्यांची नातवंडे आज कुठे शिकतात ते विचारायची सोय नाही. चिंगीची आत्या बोरीला राहते. पूल, खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेते, मे महिना, सगळे चिंगीला पाठ आहे. किलिम तिने पाहिलेला नाही, तिच्या बाईंनीही नसावा. गुण मात्र किलिमला! आणि दहा शब्द पोरीने शोधायचे की मामाने, हे एकदा शाळेने छापून तरी टाकावे. छापा, आम्ही फी भरून बाकावर येऊन बसतो.

सहाच शब्द गेले. काल वही तपासून आली. गोयिमवर लाल फुली होती आणि शेजारी बाईंच्या टपोऱ्या अक्षरात जी-ओ-ए. बहिणीने फोटो पाठवला आणि खाली लिहिले, ‘दादा, निदान गोव्याचं स्पेलिंग तरी बरोबर पाठवायचं!’