मामांचा मुक्काम

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या मागचा नाला पहिल्यांदा भरून वाहिला, त्या रात्री दोनच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघरात कोणीतरी कांद्याबटाट्यांची टोपली उपसत असल्याचा आवाज आला. मी दिवा लावला. ओट्यावर, शेगडीच्या मागे, एक राखाडी-तपकिरी आकृती क्षणभर थांबली, जुन्या पागडीच्या भाडेकरूने घरमालकाकडे पाहावे तसे तिने माझ्याकडे पाहिले आणि ती सावकाश फ्रिजमागे निघून गेली.

सकाळी तो प्राणी नेमका कोण होता यावर घरात मतभेद झाले. पत्नीच्या मते ती घूस होती, कारण माझ्या वर्णनातली त्याची लांबी दर खेपेस वाढत होती. आईच्या मते ती चिचुंद्री असावी. पण चिचुंद्री भिंतीच्या कडेने चिकचिक करत जाते, मागे उग्र वास ठेवते आणि मुख्यतः किडे खाते, कांद्याबटाट्यांत ती रमत नाही. या पाहुण्याची शेपटी त्याच्या अंगापेक्षाही लांब होती आणि पाइप धरून पहिल्या मजल्यावर येणे त्याला अवघड गेलेले दिसत नव्हते, तेव्हा हा सरळसरळ घरउंदीर होता.

"हळू बोल," आई म्हणाली, "त्याला ऐकू येतं."

उंदराच्या देखत त्याला मारण्याचे बेत बोलू नयेत, तो नेमके ते ऐकतो आणि सूड म्हणून कपाटातली ठेवणीतली साडी कुरतडतो, यावर आईचा ठाम विश्वास आहे. त्यामुळे पुढचे तीन आठवडे आमच्या घरात सांकेतिक भाषा सुरू झाली. उंदीर म्हणजे 'मामा', पिंजरा म्हणजे 'खोली' आणि औषध म्हणजे 'प्रसाद'. या व्यवस्थेत एकच त्रुटी राहिली. पत्नीचे सख्खे मामा पावसाळ्यात चार दिवस आमच्याकडे यायचे ठरवत होते आणि त्यांनी चौकशीसाठी केलेला फोन आमच्या मुलाने उचलला. आई काय करते आहे, या प्रश्नावर, "मामा जात नाहीयेत म्हणून रडकुंडीला आलीय, आज आजी त्यांना खोलीत कोंडणार आहे," असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. ते मामा अद्याप आलेले नाहीत.

पिंजरा वरच्या मजल्यावरच्या काकूंकडून आणला. त्यात चीज ठेवायचे असते ही समजूत मुलांच्या चित्रांतून पसरली असावी. काकूंनी सुक्या खोबऱ्याचा तुकडा गॅसवर काळपट होईपर्यंत भाजून, त्याचा वास जिन्यापर्यंत गेल्याची खात्री करून, तो स्वतःच्या हाताने आकड्याला अडकवला. चार रात्री मामा पिंजऱ्याला वळसा घालून गेले. उंदराला नव्या वस्तूचा संशय येतो आणि रोजच्या वाटेवर काही वेगळे दिसले की तो कित्येक दिवस तिच्या जवळ फिरकत नाही, हे मला पुढे समजले. पाचव्या रात्री खटका पडला. आम्ही तिघे धावलो, तर पिंजरा रिकामा. मामा अर्धे आत गेले असावेत, विचार बदलून मागे फिरले असावेत आणि दार पडले तेव्हा मागे राहिलेल्या शेपटीवर पडले असावे, कारण दाराच्या पट्टीखाली तिचा इंचभर तुकडा तेवढा अडकला होता. पत्नीने तो चिमट्याने उचलला, मग त्या चिमट्याकडे पाहिले आणि चिमटाही टाकून दिला.

मी वाचायला लागलो ती चूक झाली. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, सुरू झाला. लसीसाठी वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रयोग केले आणि १८९७ च्या जानेवारीत ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगनेच गाठले. हे सगळे घडत असताना रोग माणसाकडे येतो कसा, हे मात्र कळलेले नव्हते. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवले, तरी ते बरीच वर्षे कोणी मनावर घेतले नाही. उंदीर मेला आणि त्याचे अंग थंड पडू लागले, की पिसवा त्याला सोडून पुढचे उबदार बिऱ्हाड शोधतात, आणि ते बहुधा त्याच छपराखाली झोपलेले असते.

माझ्या आजीच्या बोलण्यात 'उंदीर पडला' हे शब्द आले की सगळे गप्प होत. तिच्या आईने पाहिलेल्या त्या काळात घरात उंदीर पडला, की चूलबोळके उचलून रानातल्या झोपडीत जायचे आणि साथ ओसरेपर्यंत गावाकडे फिरकायचे नाही. तेव्हा उंदीर मेला म्हणून लोक भीत होते. मी तो मरत नाही म्हणून भीत होतो, आणि या विचारानंतर तो मेला तरी काय, ही दुसरी भीतीही मला लागली.

त्यात लेप्टोची भर पडली. उंदराच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायावरच्या जखमेतून, भेगेतून अंगात शिरतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती. मी हे वाचत होतो त्याच आठवड्यात स्टेशनपासून घरापर्यंत गुडघाभर पाण्यातून चालत आलो होतो. डॉक्टरांनी ताप नाही, डोळे पिवळे नाहीत हे पाहिले आणि पाय वर करायला सांगितले. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. त्यांनी डॉक्सीसायक्लिन लिहून दिले. मी त्यांना मामांविषयी सविस्तर सांगू लागलो तेव्हा त्यांनी घंटी वाजवून पुढच्या पेशंटला आत बोलावले.

आता युद्ध निकराचे झाले. चिकटपट्टी आणली, ती फ्रिजच्या कडेला ठेवली आणि पहाटे पाणी प्यायला उठलेला मी तिच्यावर डाव्या पायाने उभा राहिलो. तो गोंद पाण्याने किंवा साबणाने सुटत नाही, खाद्यतेलाने सुटतो. शेंगदाण्याचे तेल तळव्याला चोळत मी न्हाणीघरात पाऊण तास बसलो होतो आणि पत्नी दाराबाहेरून तेलाचा भाव सांगत होती. मग माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारे एक यंत्र भिंतीवरच्या सॉकेटमध्ये बसवले. त्याच्या निळ्या दिव्यात टोपली शोधणे मामांना सोपे गेले, एवढाच त्याचा परिणाम दिसला.

राहिला प्रसाद. कीटकनाशकांच्या दुकानदाराने तासभर शिकवणी घेतली. झिंक फॉस्फाइडने उंदीर लगेच मरतो, पण थोडे खाऊन वाचलेला त्या चवीच्या वाटेला पुन्हा जात नाही, म्हणून आधी दोनतीन दिवस तेलात मळलेले नुसते पीठ ठेवून त्याला सवय लावायची असते. ब्रोमॅडिओलोनच्या वडीने रक्त गोठायचे थांबते आणि तो काही दिवसांनी मरतो, त्यामुळे त्याला संशय येत नाही. उंदराला उलटी करता येत नाही, ही माहिती त्याने अशा समाधानाने दिली की मला क्षणभर मामांचीच दया आली. "पण मरणार कुठे?" या पत्नीच्या प्रश्नाला दुकानदाराकडे उत्तर नव्हते. फ्रिजमागे की माळ्यावरच्या गाद्यांत, हे वासावरून ठरवायचे, आणि मेलेला उंदीर वॉचमनच्या मांजरीने खाल्ला तर विष तिच्याही पोटात जायचे. शिवाय गणपती महिन्यावर आले होते आणि वाहनाला विष घालून मालकाची प्रतिष्ठापना करणे आईला मान्य नव्हते.

शेवटी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावले. मी फवारणीच्या तयारीने भांडी झाकून ठेवली होती; तो आला, बॅटरी घेऊन जमिनीवर उपडा झोपला, भिंतीच्या कडेच्या लेंड्या आणि अंग घासून पडलेला तेलकट पट्टा पाहात पाहात सरकत वॉशिंग मशीनमागे पोहोचला आणि तिथूनच म्हणाला, "साहेब, दार तर तुम्हीच उघडं ठेवलंय."

मशीनचा पाइप बाहेर काढण्यासाठी ते भोक, प्लंबरचे पैसे वाचावेत म्हणून, मी स्वतः पाडले होते. पाइप दीड इंचाचा होता आणि भोक माझ्या हौसेच्या मापाचे होते. कडेने दोन बोटे सहज जात होती. त्याने तारेची घासणी त्या फटीत ठासली, वर सिमेंट लिंपले आणि मामा आत असतील तर पिंजऱ्याचे दार तीन रात्री बांधून उघडे ठेवा, खाऊ द्या, चौथ्या रात्री दोरी सोडा, असे सांगितले. पत्नी त्या वेळी काहीच बोलली नाही. तीन आठवड्यांतला तो सर्वांत अवघड क्षण होता.

चौथ्या रात्री मामा आत बसले होते, इंचभर आखूड शेपटी बाहेर काढून. मारायचे धैर्य कोणालाच नव्हते. पहाटे साडेपाचला पिंजऱ्यावर जुना टॉवेल टाकून मी खाली उतरलो, आपल्या विंगपासून शक्य तितके लांब म्हणून बी विंगच्या मागच्या कुंपणापाशी गेलो आणि दार वर केले. मामा गेले.

पाचसहा दिवसांनी पहाटे दूध आणायला निघालो, तर आमच्याच विंगच्या मागच्या बाजूने बी विंगचे निवृत्त काका येताना दिसले. काखेत वर्तमानपत्राने झाकलेले काहीतरी चौकोनी होते.

"फिरायला?" मी विचारले.

"हो, डॉक्टरांनी सांगितलंय," ते म्हणाले आणि त्यांनी ते चौकोनी दुसऱ्या काखेत घेतले. तेवढ्यात वर्तमानपत्राची कड उचलली गेली आणि गजांमधून एक शेपटी खाली लोंबू लागली. ती इंचभर आखूड होती.

"आमच्याकडे कुठून आला कोण जाणे," काका म्हणाले.

मी म्हणालो, "पावसाचे दिवस आहेत, काका," आणि दूध आणायला गेलो.