डार्क मॅटरमुळे केळी काळी पडणार नाही

रावेर-यावलकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'अमेरिकेच्या खाणीत डार्क मॅटर सापडलं, ते पृथ्वीकडे सरकतंय, तीन दिवस अंधार, केळीचे घड काळे पडतील.'

डार्क मॅटर म्हणजे डोळ्यांना न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य. मेसेजमधली खाण तेवढी खरी. साउथ डकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोल, 10 टन द्रवरूप झेनॉन (एक वायू) भरून डार्क मॅटरचा शोध चालू आहे. 2024 मध्ये तिथल्या एलझेड प्रयोगाने निकाल जाहीर केला: डार्क मॅटरचा कण हाती लागलेला नाही.

अंधाराचं तर काही विचारूच नका. हे द्रव्य प्रकाश अडवतच नाही, मग ऊन कसं अडेल? आणि सरकत यायला ते लांब कुठे आहे? शास्त्रज्ञांचा हिशोब बरोबर असेल, तर आत्ताही ते आपल्या आरपार जातंय. ते असावं असं वाटतं ते गुरुत्वाकर्षणामुळे. 1933 मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकींना दीर्घिकांच्या (ताऱ्यांच्या प्रचंड समूहांच्या) वेगात ते जाणवलं. 1970 च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन यांच्या मोजमापांनी त्याला बळकटी दिली.

केळीचा संबंध आहे, पण उलटा. केळ्यातल्या पोटॅशियममध्ये किंचित किरणोत्सर्ग असतो, सेकंदाला साधारण 15 अणू फुटतात. डार्क मॅटर शोधणारी यंत्रं इतकी नाजूक, की एवढीशी गडबडही त्यांना भारी पडते. अवकाशातून येणारे वैश्विक किरण टाळायला तर थेट खाण गाठावी लागते. झारखंडात जादुगुडाच्या युरेनियम खाणीतही 555 मीटर खोल अशी प्रयोगशाळा आहे.

बागेत पानं करपत असतील, तर तो करपा रोग असू शकतो. कृषी सहायकाला दाखवा.