घरात असलेलं गेमिंग यंत्र विकण्याआधी

चवथीच्या आधीपासून गोव्यात डिचोली-साखळीकडच्या व्हॉट्सॲप गटांत पालकांसाठी एक संदेश फिरतोय. स्टीम डेकसारखं हातात धरून खेळायचं यंत्र म्हणजे कॉम्प्युटर नव्हे. आत मोबाइलचेच भाग असतात, मराठी टाइप होत नाही, वर्ड-एक्सेल चालत नाही, सतत चार्जरला लावलं की बॅटरी फुगते, आणि मूल नुसतं खेळत बसतं, असं त्यात म्हटलंय. आमच्या वाड्यावरच्या एका बापाने तो वाचून मुलाचं चांगलं चालणारं यंत्र निम्म्या किमतीला विकलं आणि चार जीबी रॅमचा लॅपटॉप आणला. मला ते फार लागलं.

मोबाइलच्या भागांची गोष्ट साफ खोटी आहे. २०२२ साली आलेल्या स्टीम डेकमध्ये एएमडीचा चार कोअरचा झेन २ प्रोसेसर आहे, म्हणजे लॅपटॉपच्याच जातीचा, आणि रॅम १६ जीबी. विकून आणलेल्या लॅपटॉपच्या चौपट! पॉवर मेन्यूतून डेस्कटॉप मोड निवडला की केडीई प्लाझ्मा, म्हणजे नेहमीच्या कॉम्प्युटरसारखा पडदा, उघडतो. फोल्डर, ब्राउझर, प्रिंटरची सेटिंग, सगळं नेहमीसारखं. खाली विंडोजऐवजी आहे आर्च लिनक्सवर बेतलेली स्टीमओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम.

मराठीचं तर मी स्वतःच सांगतो. केडीईच्या कीबोर्ड सेटिंगमधल्या भारतीय भाषांच्या यादीत मराठीचा कगप कळफलक (इंग्रजी कळांवर उच्चारानुसार अक्षरं) आहे. तो जोडून यूएसबी कीबोर्डवर मी हा मजकूर टाइप करतोय.

वर्ड-एक्सेलच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस स्टीमओएसवर थेट बसत नाही. डिस्कव्हर या त्यातल्या ॲप-दुकानातून लिबरऑफिस हे फुकटचं ऑफिस घेता येतं, किंवा ब्राउझरमध्ये गुगल डॉक्स. माझ्या भाचीने बीकॉमचा प्रकल्प लिबरऑफिसमध्ये केला. कॉलेजातल्या वर्डमध्ये उघडल्यावर दोन तक्ते सरकले, म्हणून शेवटी तिने पीडीएफ दिली. पण हिशेबाचं टॅली आणि छपाईच्या अक्षरांचं श्रीलिपी विंडोजची आहेत. दुकानाचे हिशेब किंवा छापखान्याचं काम करायचं असेल तर स्टीम डेकच्या वाटेला जाऊ नका. आरओजी ॲलायसारखं विंडोज असलेलं हँडहेल्ड वेगळं. कुठला प्रोग्रॅम लागतो, हे त्या संदेशात कुणी विचारलेलंच नाही.

बॅटरीची भीती लॅपटॉपलाही तितकीच लागू आहे. पूर्ण भरलेली आणि गरम राहणारी लिथियम बॅटरी लवकर थकते, म्हणून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय २०२५ मध्ये स्टीमओएस ३.७ बरोबर आली. ती चालू करा. यंत्र गादीवर ठेवू नका, हवा मागच्या बाजूने आत जाते. आणि आमच्याकडे पावसाळ्यात ही बॅटरी उलट कामाला येते. गेल्या आषाढात रात्री वीज गेली, मॉनिटर काळा पडला. भाचीने हबची (मॉनिटर-कीबोर्ड यंत्राला जोडणाऱ्या डबीची) वायर काढली, उघडी फाईल यंत्राच्या सात इंची पडद्यावर आली, आणि तिने ती शांतपणे सेव्ह केली. डेस्कटॉप असता तर ते पान गेलं असतं.

मूल खेळत बसेल, हे खरं. ते लॅपटॉपवरही बसेल.

खऱ्या अडचणी संदेशात नाहीतच. यूएसबी-सी पोर्ट एकच, त्यामुळे मॉनिटर, कीबोर्ड आणि चार्जर एकदम जोडायला हब लागतो. मी आधी स्वस्तातला घेतला, त्यातून वीज पुढे जात नव्हती आणि दोन तासांत यंत्र बंद पडलं. हब घेताना चार्जर जोडायची सोय पाहून घ्या. कॅमेरा नाही, ऑनलाइन वर्गाला तोंड दाखवायचं तर वेगळा लागेल, माइक आहे. सात इंचांवर एक्सेलचे रकाने वाचताना डोळे दुखतात. शिवाय स्टीम डेक भारतात अधिकृतपणे विकला जात नाही, बिघडला तर दुरुस्तीचा प्रश्न. म्हणून केवळ अभ्यासासाठी नवं घ्या, असं मी कुणालाही सांगणार नाही.

पण घरात आधीच असेल, तर विकायची जाहिरात टाकण्याआधी एक रविवार द्या. टीव्ही घरात आहेच, कीबोर्ड-माउस शेजारी मागून मिळतील. मुलाची कॉलेजातली एक खरी फाईल त्यावर उघडा, आणि त्यालाच ती पुरी करू द्या.