खंडव्याला निघालात? मग एवढं कराच

सगळ्यात आधी टी-शर्ट छापून घ्या. ४ ऑगस्टला खंडव्यात किशोरकुमारचे चाहते देशभरातून येतात, तेव्हा आपण ठाण्याचे हे छातीवर लिहिलेलं असलेलं बरं. पाठीवर किशोरदांचा फोटो हवा आणि त्याच्या वर, जरा मोठ्या अक्षरांत, ग्रुपच्या ॲडमिनचं नाव.

माझं माहेर खंडव्याचं, सासर ठाण्याच्या नौपाड्यातलं. त्यामुळे जुलै लागला की कराओके ट्रॅकवर गाणारी मंडळी मला जिन्यात गाठतात. ‘वहिनी, तुम्ही तर त्यांच्या गावच्या! काय काय बघायचं सांगा ना.’ एकेकाला सांगत बसण्यापेक्षा हे एकदाच लिहून टाकते.

प्रवास सोपा. रात्री कल्याणला गाडीत बसायचं, भुसावळ, बऱ्हाणपूर करत खंडवा. भुसावळपर्यंत डब्यात कुणाला झोपू देऊ नका. ब्लूटूथ स्पीकर घेतलाय कशासाठी? यॉडलिंग सगळ्यांना जमतंच असं नाही, पण मध्यरात्री स्लीपरच्या डब्यात ते आपल्याला जमतंय असं प्रत्येकाला वाटतं. कुणी पांघरुणातून डोकं काढून बोललाच, तर त्याला कान नाहीत असं समजा.

उतरल्या उतरल्या नाराज व्हा. तुम्ही मनात एक गाव घेऊन आलेले असता. त्यात टांगे असतात, वडाचा पार असतो, पारावर कुणीतरी ‘आभास’ म्हणून, किशोरदांच्या मूळ नावाने, हाक मारत असतं. आणि समोर बघता तर मोबाईलची दुकानं, कोचिंग क्लासच्या पाट्या, आडव्यातिडव्या लावलेल्या दुचाक्या. रिक्षावाल्याला भरल्या गळ्याने विचारा, ‘किशोरदांबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ तो म्हणेल, ‘जाना कहाँ है?’ मग एकमेकांकडे बघून माना हलवा. या लोकांना किंमतच नाही. गावातल्या प्रत्येकाने, दूधवाल्यापासून तहसीलदारापर्यंत, दिवसभर सुरात असावं ही अपेक्षा रास्तच आहे. उद्या ठाण्यात कुणी तुम्हाला गोखले रोडवर अडवून पी. सावळारामांबद्दल विचारलं, तर तुम्ही भाजीची पिशवी खाली ठेवून अर्धा तास बोलालच की. जनकवी पी. सावळाराम. लताबाईंनी गायलेली त्यांची गाणी तुमच्या आईला पाठ होती. तुमच्याच शहराचे नगराध्यक्ष होते ते, १९९७ मध्ये गेले. नाही लक्षात येत? असू दे, आपण खंडव्याबद्दल बोलतोय.

किशोरदांच्या समाधीवर दूध-जिलेबीचा नैवेद्य असतो, कारण ती त्यांना फार आवडायची. क्रम लक्षात ठेवा. आधी जिलेबीचा फोटो, मग जिलेबीसकट तुमचा, मग लाइव्ह, आणि मागचे लोक ढकलत नसतील तर नमस्कार. शुगरवाल्यांनी प्रसाद म्हणून दोन वेटोळी खायला हरकत नाही, घरून फोन येईपर्यंत. १३ ऑक्टोबर १९८७ ला ते मुंबईत गेले, अंत्यसंस्कार मात्र खंडव्याला झाले, आणि त्याच तारखेला थोरले भाऊ अशोककुमारांचा वाढदिवस असायचा, ही माहिती आसपासच्या प्रत्येकाला द्या. खंडवेकरांना तर आवर्जून द्या. ते दरवर्षी ऐकतात, पण दरवर्षी वेगळ्या माणसाकडून.

मग माईक. इथे गाण्याआधी ‘मी काही गायक नाही’ असं म्हणायची पद्धत आहे. ती पाळा आणि तीन गाणी म्हणा. तिसरं दर्दभरं असावं. इंदूरच्या ग्रुपमधला एखादा तुमच्यापेक्षा बरा गायला, तर त्याचा ट्रॅक चांगला होता.

आता एक जरा गावातलं सांगते. खंडव्याला भक्तांची सवय आहे. धुनीवाले दादाजी या संतांच्या दरबारात गुरुपौर्णिमेला जी गर्दी लोटते तिच्यात महाराष्ट्रातले लोक पुष्कळ असतात, कितीतरी जण निशाणं घेऊन पायी आलेले. त्या दिवसांत गावातली माणसं रस्त्यावर मांडव घालून त्यांना जेवू घालतात, पैसे घेत नाहीत. माझे भाऊ वाढपी असतात. ते पायी आलेले लोक जेवतात, पान उचलतात, दर्शन घेतात, जातात. गाव कसं असायला हवं होतं याबद्दल त्यांची काहीच मतं नसतात. त्यांच्याकडून काही शिकू नका.

आमच्या घरीही जा, आई पोहे करेल. तिला विचारा, ‘तुम्ही किशोरदांना पाहिलं होतंत?’ बरीच वर्षं ती खरं सांगायची, की मी लग्न होऊन इथे आले तेव्हा ते केव्हाच मुंबईत मोठे झाले होते. चाहत्यांचा चेहरा इतका पडायचा की पोहे घशाखाली उतरायचे नाहीत. शेवटी तिला दया आली. आता ती सांगते, आमच्या आवारातले पेरू चोरायला यायचे. पेरूचं झाड माझ्या धाकट्या भावाने लावलेलं आहे. त्याची पानं वहीत ठेवायला नेणारे लोक मी डोळ्यांनी पाहिलेत. तुम्हीही न्या, पण फांदी मोडू नका.

चहा टपरीवर घ्या. इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात असताना कँटीनमध्ये किशोरदांची पाच रुपये बारा आणे उधारी राहिली होती असं सांगतात. ही परंपरा आमच्या टपरीवाल्याकडे चालू ठेवा.

जिल्ह्यातलं बाकी काही बघू नका. हरसूद नावाचं अख्खं गाव २००४ मध्ये इंदिरा सागर धरणाच्या पाण्यात गेलं. पण किशोरदा तिथे जन्मले नव्हते.

दौऱ्याचा खरा कळस म्हणजे बॉम्बे बाजारातलं गांगुलींचं घर. वकील कुंजलाल गांगुलींचं हे घर, इथे १९२९ मध्ये किशोरदा जन्मले. घराची अवस्था वाईट आहे. ती बघून रडू येतं, मलाही येतं, त्यात काही खोटं नाही. पण तुम्ही नुसतं रडून थांबू नका. फाटकाशी उभे राहून, व्हिडिओ चालू ठेवून बोला. ‘आपल्याला वारसा जपता येत नाही. परदेशात असतं तर म्युझियम झालं असतं. वारसदारांना आणि सरकारला लाज वाटायला हवी.’ फक्त फोन सायलेंटवर टाका, कारण नेमका याच वेळी बिल्डरच्या ऑफिसातून कॉल येतो. नौपाड्यातलं आजोबांचं बैठं घर, पुढे अंगण, मागे विहीर, भिंतीत तुळशीचा कोनाडा; त्याच्या जागी टॉवर येतोय आणि कार्पेट एरिया किती वाढवून मिळणार यावर अजून बोलणी चालू आहेत. भाडं, कॉर्पस, दोन पार्किंग. पण ते वेगळं. त्या घरात कुणी जन्मलं नव्हतं, फक्त तुमचे बाबा आणि दोन काका.

ज्यांच्यासाठी आलात त्यांना पाहुणे आवडायचे का, या प्रश्नात शिरू नका. १९८५ मध्ये पत्रकार प्रीतीश नंदींना दिलेल्या मुलाखतीत ते म्हणाले होते, की मुंबईत मित्र नाहीत, बागेतली झाडं बरी, आणि एक दिवस सगळं सोडून खंडव्याला जायचंय. घराच्या दारावर ‘किशोरपासून सावध राहा’ अशी पाटी लावली होती, अशीही गोष्ट सांगतात. माणूस मुंबईच्या गर्दीला कंटाळून ज्या गावाचं नाव घेत राहिला, तिथे तुम्ही पन्नास जण टी-शर्ट घालून जाणार, याचा त्यांना आनंदच झाला असता.

परतीचं तिकीट मात्र रविवारच्या आतलं काढा. रविवारी सोसायटीची सभा आहे, रीडेव्हलपमेंटच्या संमतीपत्रांवर सह्या व्हायच्यात. क्लबहाऊसमध्ये कराओके रूम मागून घ्यायचं तुमच्या ग्रुपनं ठरवलंय म्हणे, आणि तिला नाव किशोरदांचंच. जरूर मागा. साउंडप्रूफिंगचं कलम तेवढं लेखी घ्या. नव्या आराखड्यात आमचा फ्लॅट बरोबर तिच्या डोक्यावर आलाय.